गरम जेवणही ईबीटी कार्डावर मिळू द्या: अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या सभासदांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या कार्यक्रमात राजकारण नको, हा आपला जुना नियम आहे आणि तो मला मान्य आहे. हे पत्र कुठल्या पक्षासाठी नाही. अमेरिकेच्या अन्नमदतीच्या कायद्यात एक ओळ आहे. ती काढून टाकावी म्हणून आपल्यातल्या प्रत्येक नागरिकाने आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला आणि राज्याच्या दोन्ही सेनेटरांना फोन करावा, एवढं मागायला मी लिहिते आहे.

ती ओळ थोडक्यात अशी. ‘स्नॅप’च्या, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, पैशांतून घरी खाण्यासाठी कुठलंही अन्न घ्या, फक्त दारू, तंबाखू आणि लगेच खाण्याजोगे गरम पदार्थ घेऊ नका. दारू आणि तंबाखूच्या पंगतीला कायद्याने गरम जेवण बसवलं आहे.

स्नॅप म्हणजे जुनी मंडळी अजून ज्याला फूड स्टँप म्हणतात ते. सुमारे चार कोटी माणसं त्यावर अवलंबून आहेत. कागदी कुपनं कधीच गेली. आता ईबीटी कार्ड असतं आणि दर महिन्याला त्यावर रक्कम जमा होते. २०२५-२६ या वर्षात एकट्या माणसाला महिन्याला जास्तीत जास्त २९८ डॉलर मिळतात, चौघांच्या कुटुंबाला ९९४. थोडीफार कमाई असेल तर त्या हिशेबाने रक्कम खाली येते, आणि एकट्या राहणाऱ्या कितीतरी वृद्धांच्या वाट्याला याहून फार कमी येतं.

मी न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीमधल्या एका मोठ्या ग्रोसरी दुकानात डेली काउंटरवर, म्हणजे तयार जेवणाच्या काउंटरवर, काम करते. कायद्यातली ही ओळ माझ्या हातून रोज अमलात येते, म्हणून ती कशी चालते ते नीट सांगते.

कोंबड्या भाजून निघाल्या की त्या गरम कपाटात जातात. तिथलं अन्न १३५ अंश फॅरनहाइटच्या खाली येता कामा नये, नाहीतर त्यात जंतू वाढायला लागतात. हा अन्नसुरक्षेचा नियम आहे आणि आम्ही तो थर्मामीटर लावून पाळतो. काही तासांत जी कोंबडी खपत नाही ती काढायची, ठरलेल्या वेळात थंड करायची, नवं लेबल लावायचं आणि फ्रिजच्या कपाटात ठेवायची. लेबल बदललं की संगणकाच्या लेखी ती वेगळी वस्तू होते आणि ईबीटी कार्डावर चालते. म्हणजे ताजी आहे, गरम आहे, घरी नेऊन मुलांच्या ताटात वाढता येईल अशी आहे, तोवर गरीब गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं. उरली, गार पडली, की तीच त्याला विकायची. सूप, भात, उकडलेल्या भाज्या, मॅकरोनी, सगळ्याचं असंच. सुपाचा डबा गरम हवा असेल तर रोख मोजा, फ्रिजमधला गार हवा असेल तर कार्ड चालेल.

कॅशवर काय होतं तेही सांगते. यंत्र कार्डावर चालणाऱ्या वस्तूंची बेरीज वेगळी करतं आणि गरम डब्याचे पैसे बाकी दाखवतं. गिऱ्हाइकाला वाटतं कार्डातले पैसे संपले. कॅशिअर समजावते की पैसे आहेत, पण हे गरम आहे म्हणून चालत नाही. मागे रांग असते, सगळे ऐकत असतात. मग बहुतेक जण डबा मागे सारतात. एकदा गिऱ्हाइकाच्या हातात गेलेलं गरम अन्न आम्हाला परत विकायला ठेवता येत नाही, ते टाकून द्यावं लागतं. एखादा खिशातून रोख काढतो, तर त्याच्यावर विक्रीकर लागतो, कारण न्यू जर्सीत किराण्यावर कर नाही पण गरम, तयार अन्नावर ६.६२५ टक्के आहे. स्नॅपच्या खरेदीवर कर घेता येत नाही असा केंद्राचाच कायदा आहे. त्यामुळे ज्याला करातून सूट द्यायची असं देशाने ठरवलं, तोच माणूस दोन डॉलर, तीन डॉलर चाचपून काढतो आणि वर कर भरतो.

आता याच कार्डावर काय काय चालतं ते बघा. फ्रीझरमधला पिझ्झा चालतो. बटाट्याचे वेफर्स चालतात. वाढदिवसाचा केक चालतो. जिवंत लॉबस्टर चालतो. थंड सँडविच, थंड सुशी चालते. थंड बरिटो कार्डावर घ्यायचा आणि दुकानातल्याच मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खायचा, हे गॅस स्टेशनच्या दुकानांत सर्रास चालतं. आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर इंडियन ग्रोसरीत बघा. ज्या दुकानात ईबीटी घेतात तिथे फ्रीझरमधला समोसा, फ्रीझरमधली पुरणपोळी कार्डावर मिळते, आणि काउंटरवर नुकताच तळलेला समोसा मिळत नाही. आरोग्याचं कारण यामागे आहे असं मला कुणी पटवून दिलं तर मी ऐकेन. आजवर तसं कुणी दिलेलं नाही.

आपल्याला साहजिक वाटतं की ही माणसं घरी का करून खात नाहीत. आपल्यातले बहुतेक जण एक सूटकेस आणि प्रेशर कुकर घेऊन इथे आलो. वरणभाताचा खर्च किती येतो ते आपल्याला माहीत आहे. तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे कार्डावर मिळतातच, मग अडचण कुठे आहे?

अडचण शेगडीची आहे. न्यू जर्सीत बेघर झालेल्या कुटुंबांना काउंटीकडून अनेकदा मोटेलात ठेवतात. रूट १ वरून जाताना आपण अशी मोटेलं रोज बघतो, पण आत कोण राहतं याचा विचार करत नाही. एका खोलीत आई आणि दोन मुलं असतात, एक छोटा फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह असला तर असतो. आगीच्या भीतीने हॉटप्लेट ठेवायला मनाई असते. त्या आईला कार्डावर पाच किलो तांदूळ मिळतो, पण तो शिजवायचा कशावर? जो माणूस गाडीत झोपतो त्याच्याकडे फ्रिजही नाही. त्याला गार कोंबडी घेऊन चालत नाही, कारण उरलेली संध्याकाळपर्यंत खराब होते. भाड्याच्या तळघरात खोली घेतलेल्या आणि स्वयंपाकघर वापरायची परवानगी नसलेल्या माणसांचंही तेच. त्यात आपल्याकडचीही माणसं आहेत.

वृद्धांचं वेगळं. शेगडी आहे, पण हात थरथरतात, कढई उचलवत नाही, गॅस चालू राहतो म्हणून मुलांनी स्वयंपाक बंद करायला लावलेला आहे. आपल्यापैकी अनेकांनी आईवडलांना ग्रीन कार्डावर इथे आणलं. १९९६ च्या कायद्यानुसार प्रौढ ग्रीन कार्डधारकाला साधारण पाच वर्षं स्नॅप मिळत नाही, पण त्यानंतर, किंवा नागरिक झाल्यावर, मिळू शकतं. आणि ते घेणारी मराठी माणसं आहेत. सिनिअर हाउसिंगमध्ये वेगळी राहणारी, मुलगा दुसऱ्या राज्यात असणारी, नवऱ्यामागे एकटी उरलेली. मंडळाच्या दिवाळीला ती चांगली साडी नेसून येतात आणि कार्डाबद्दल कुणाजवळ बोलत नाहीत. नाव मी कुणाचंच सांगणार नाही, पण ‘आपल्यात कुणी नसतं’ हे वाक्य यापुढे कुणी उच्चारू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरी माणसं म्हणजे आमच्या गोदामांत आणि दुकानांत दोन-दोन पाळ्या करणारी. दुपारी तीनला सुरू झालेली पाळी रात्री अकराला संपते, घरी मुलं जागी असतात. स्नॅपची रक्कम ज्या ‘थ्रिफ्टी फूड प्लॅन’वर बेतलेली आहे तो आराखडा स्वस्त किराणा घेऊन घरी रांधायचं धरून चालतो. २०२१ मध्ये त्याची फेररचना झाली आणि रक्कम २१ टक्क्यांनी वाढली, हे चांगलंच झालं. पण रांधायला लागणाऱ्या वेळाची किंमत त्यात अजूनही धरलेली नाही. वेळ नसलेल्या माणसाने काय करायचं याचं उत्तर त्या आराखड्यात नाही. फ्रीझरमधला पिझ्झा घ्यायचा, हे उत्तर आमच्या काउंटरसमोर रोज दिसतं.

ही ओळ आली कुठून? अन्नाची कुपनं पहिल्यांदा १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात निघाली. शेतकऱ्यांकडे माल पडून होता आणि शहरात लोक उपाशी होते, त्यांची गाठ घालायला नारिंगी आणि निळे स्टँप काढले. ती योजना पुढे बंद पडली. १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या काळात कायमचा कायदा झाला. १९७७ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. त्याआधी गरिबाला स्वतःचे काही पैसे भरून कुपनं विकत घ्यावी लागत. ती अट १९७७ च्या कायद्याने काढली. डेमोक्रॅट जॉर्ज मॅकगव्हर्न आणि रिपब्लिकन बॉब डोल या दोघांनी मिळून ते घडवून आणलं, आणि त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण गरम पदार्थांची बंदी त्याच कायद्यात आली. मदत घरच्या स्वयंपाकासाठी आहे, बाहेर जेवायला नाही, हा हेतू होता. त्या काळी किराणा दुकानात किराणाच मिळत असे आणि गरम जेवायचं तर हॉटेलात जावं लागे, म्हणून तो हेतू समजण्यासारखा आहे. आज प्रत्येक मोठ्या दुकानात शिजलेल्या अन्नाचा विभाग आहे आणि पगारदार माणूस कामावरून येताना तिथूनच रात्रीचं जेवण घेऊन जातो. दुकानं बदलली, लोकांची कामं बदलली, ओळ तीच आहे.

कोरडा शिधा आणि शिजलेलं अन्न यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. भारतात शाळेतल्या मुलांना अनेक राज्यं महिन्याला तीन किलो धान्य घरी देत असत. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलं जेवण द्या. महाराष्ट्रातल्या शाळांतली खिचडी त्यातून पक्की झाली. धान्य घरी गेलं तर ते साऱ्या घरात वाटलं जातं, ताटात वाढलेलं मुलाच्याच पोटात जातं, हे तिथल्या लोकांनी अनुभवाने ओळखलं होतं. २६ जानेवारी २०२० ला महाराष्ट्रात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तीही रेशनची व्यवस्था असताना. कारण मजूर शहरात येतो तेव्हा चूल घरी राहते. रेशन आणि थाळी दोन्ही लागतात, ही गोष्ट मुंबई-पुण्यात कुणाला विचित्र वाटत नाही. अमेरिकेत येऊन आपल्याला ती विचित्र वाटू नये.

काही जण म्हणतील, याने खर्च वाढेल. कार्डावरची रक्कम तेवढीच राहते. ती कशावर खर्च करायची एवढंच बदलतं. लोक महागडं गरम जेवण घेऊन महिन्याच्या मध्यावरच रिकामे होतील, ही शंका अधिक खरी आहे आणि ती मी झटकून टाकत नाही. काहींचं तसं होईलही. पण ज्या बाईला २९८ डॉलरमध्ये महिना काढायचा आहे तिच्याइतका काटेकोर हिशेब मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. ती पाउंडाचा भाव वाचते, सोमवारचं कुपन जपून ठेवते. भाजलेली कोंबडी कच्चीपेक्षा केव्हा परवडते आणि केव्हा नाही, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. हॉटेलं स्नॅपमध्ये घुसतील, अशीही भीती दाखवतात. त्यासाठी नियम आधीच आहे: ज्या दुकानाची निम्म्याहून अधिक विक्री तिथेच शिजवलेल्या किंवा गरम केलेल्या पदार्थांची आहे, त्याला स्नॅपचं दुकान म्हणून मान्यता मिळत नाही. तो नियम राहू द्या, माझी हरकत नाही.

हे करता येतं याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. २०१२ मध्ये सँडी वादळाने आपल्या किनाऱ्याची दाणादाण उडवली तेव्हा न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये स्नॅपवर गरम अन्न घ्यायला तात्पुरती परवानगी मिळाली. २०२३ मध्ये हवाईतल्या माउई बेटावरच्या आगीनंतर, २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या आगीनंतरही दिली. दुकानांनी संगणकातला कोड बदलला, लोकांनी सूप आणि कोंबडी घेतली, आणि मुदत संपली की कोड परत पूर्वीसारखा केला. चूल वादळात गेली तर सवलत मिळते. ती भाडं थकल्यामुळे गेली तर मिळत नाही.

कायद्यात आणखी एक वाट आहे, तिचं नाव रेस्टॉरंट मील्स प्रोग्रॅम. साठीच्या पुढचे, अपंग आणि बेघर लोक त्यातून ठरावीक हॉटेलांत कार्डावर जेवू शकतात. पण हे प्रत्येक राज्याच्या मर्जीवर आहे. कॅलिफोर्नियाने २०२१ पासून ते राज्यभर लागू केलं. ॲरिझोना, मिशिगन, मेरीलँड, ऱ्होड आयलंड अशा थोड्याच राज्यांत ते आहे. आणि दोन पाळ्या करणाऱ्या धडधाकट आईला त्यात जागाच नाही. शिवाय हॉटेलच्या जेवणाला मान्यता आणि ग्रोसरीतल्या स्वस्त जेवणाला मनाई, असा उलटा प्रकार त्यातून होतो.

आता विधेयकांबद्दल, कारण फोनवर नेमकं बोलावं लागेल. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधून निवडून येणाऱ्या ग्रेस मेंग यांनी ‘हॉट फूड्स ॲक्ट’ मांडलं आहे. ते गरम पदार्थांवरची बंदीच उठवतं. दुसरं ‘हॉट रोटिसरी चिकन ॲक्ट’. वेस्ट व्हर्जिनियाचे रिपब्लिकन जिम जस्टिस आणि पेनसिल्व्हेनियाचे डेमोक्रॅट जॉन फेटरमन या सेनेटरांनी ते आणलं, आणि दोन्ही पक्षांची माणसं या प्रश्नावर एका कागदावर आली याचा मला आनंद झाला. पण ते फक्त भाजलेल्या कोंबडीपुरतं आहे. मी स्वतः कोंबडी खाते आणि विकते, तरी सांगते की आपण तेवढ्यावर समाधान मानू नये. ज्या आजींनी जन्मात अंडंही खाल्लं नाही त्यांना त्या कायद्याचा काय उपयोग? त्यांना गरम भात, गरम मसूर सूप, वाफवलेल्या भाज्या हव्या आहेत. शाकाहारी माणसाची बाजू वॉशिंग्टनमध्ये आपण मांडली नाही तर दुसरं कोण मांडेल? म्हणून फोनवर सांगताना पहिलं, मोठं विधेयक मागा. दुसरं आलं तर त्यालाही विरोध करू नका, पण त्यात ‘सर्व गरम पदार्थ’ घाला असं म्हणा.

स्नॅपचा कायदा शेती विधेयकाबरोबर, म्हणजे शेती आणि अन्नमदतीच्या दर काही वर्षांनी होणाऱ्या कायद्याबरोबर, बदलतो. २०१८ च्या शेती कायद्याची मुदत २०२३ मध्ये संपली आणि पुढे मुदतवाढीवर काम चाललं. मधल्या काळात, जुलै २०२५ च्या कायद्याने स्नॅपमधल्या कामाच्या अटी वाढवल्या आणि कायदेशीर रीतीने आलेल्या निर्वासितांनाही त्यातून वगळलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज बंद असल्याने कार्डावर पैसे वेळेवर आले नाहीत. त्या दिवसांत आमच्या दुकानात लोक शिल्लक विचारून रिकाम्या हाताने परत गेले. काही राज्यांनी सोडा, म्हणजे गोड शीतपेयं, आणि गोळ्या-चॉकलेट यांवर बंदी आणायला सुरुवात केली आहे. सोड्याबद्दल वाद घालता येईल. पण लोकांनी बरं खावं अशी ज्यांची खरी इच्छा आहे, त्यांनी गरम सूप आणि भाज्या खुल्या करण्याची मागणी त्याच दमात करायला हवी, आणि असं बोलणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीला आपण हे विचारायला हवं.

मिशिगनमधल्या सभासदांना वेगळी विनंती. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातून प्रतिनिधिगृहावर निवडून गेले, आणि आपल्या अधिवेशनांत आपण त्यांचं कौतुक केलं. त्यांना मराठीतच पत्र लिहा. ज्यांचे प्रतिनिधी किंवा सेनेटर शेती समितीवर आहेत त्यांनी तर अवश्य फोन करावा, कारण ही ओळ त्या समित्यांच्या टेबलावर बदलते किंवा बदलत नाही.

बृहन्महाराष्ट्र मंडळ ही आपली मध्यवर्ती संस्था १९८१ पासून आहे, काही गावांची मंडळं त्याहून जुनी आहेत. फूड बँकेत डबे भरायला आपण जातो, थँक्सगिव्हिंगला वर्गणी काढतो. ते चालू ठेवा. त्यासोबत यंदाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या टेबलाशेजारी एक टेबल मांडा. त्यावर झिप कोडप्रमाणे प्रतिनिधींची नावं आणि फोनवर बोलायची चार वाक्यं असलेला कागद ठेवा. सही गोळा करण्यापेक्षा तिथेच फोन करायला लावा; सुट्टीच्या दिवशी निरोप ठेवायची सोय असते आणि तोही मोजतात. ज्यांना इंग्रजीत बोलायला संकोच वाटतो अशा आईवडलांशेजारी कॉलेजातली मुलं बसवा. जे नागरिक नाहीत, एच-१बीवर आहेत, त्यांनीही आपापल्या भागातल्या कार्यालयात बोलायला हरकत नाही. प्रतिनिधी साऱ्या रहिवाशांचा असतो.

आणि आपल्या मंडळात कुणी वृद्ध एकटे राहत असतील तर त्यांना स्नॅपचा अर्ज भरायला मदत करा. न्यू जर्सीत राज्याने किमान रक्कम महिन्याला ९५ डॉलर ठेवली आहे; केंद्राचं किमान त्याच्या जवळपास चौथा हिस्सा आहे. माहिती नसल्याने किंवा लाजेने कितीतरी जण अर्जच करत नाहीत.

फोनवर बोलायच्या चार वाक्यांचा मसुदा मी मराठीत आणि इंग्रजीत तयार केला आहे. ज्या मंडळाला हवा असेल त्यांनी आपल्या चिटणिसांमार्फत कळवावं, लगेच पाठवते.

आपली,
न्यू जर्सीतल्या एका ग्रोसरी दुकानाच्या डेली काउंटरवर काम करणारी मंडळाची सभासद